पाच की नऊ? जुनी जपानी डिजिटल घड्याळं जमवणाऱ्यांचा धागा

अडगळकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता मात्र अडलंय म्हणून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मावसभाऊ कंपनीच्या कामाला आठ महिने नागोयाला होता. मी त्याला सांगून ठेवलं होतं की येताना चॉकलेटं नकोत, तिकडे हार्ड-ऑफ म्हणून जुन्या सामानाची दुकानं असतात तिथे जंकचा कप्पा असतो त्यात डिजिटल घड्याळं दिसली तर उचल, चालू बंद काही बघू नको. त्याने खरंच उचलली. प्लास्टिकच्या पिशवीत सहा घड्याळं, पिशवीला स्टेपल मारलेलं, वर जपानीत काहीतरी चिठ्ठी आणि किंमत १६५० येन. मावशीने ती पिशवी बघून विचारलं की हे भंगारवाल्याला द्यायचं आहे का, त्यावरून माल कसा होता ते समजून घ्या.

पिशवीत निघालं ते असं. एक सेको, स्टीलची, नुसती वेळ आणि तारीख दाखवणारी, अलार्म वगैरे नाही. एक कॅसिओ, डायलवर उडी मारणारा मासा आहे ती, तिला मार्लिन म्हणतात. एक सिटिझन, काटे आणि आकडे दोन्ही असलेली, बॅटरी आतच फुटून हिरवा चिखल झालेला, ती बहुतेक गेली. दोन अल्बा (अल्बा म्हणजे सेकोचाच स्वस्तातला ब्रँड, १९७९ पासूनचा). आणि सहावं चक्क हाँगकाँगचं बिननावाचं! म्हणजे जपानच्या भंगारात पण आपल्या मनीष मार्केटचा माल निघतो, तेव्हा फार हसलो.

तर सेको. मागच्या झाकणावर सहा आकडी सीरियल असतो त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. १ ते ९ सरळ, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. माझ्यावर ७डी आहे. म्हणजे ६७, ७७ किंवा ८७ चा डिसेंबर. ६७ साली एलसीडीचं घड्याळच नव्हतं, सेकोचं पहिलं सहा आकडी एलसीडी ०६एलसी हे १९७३ चं. आणि ८७ पर्यंत त्यांची ठेवण पार बदलली होती, असलं जाडजूड स्टील कोण घालत होतं तेव्हा. म्हणजे डिसेंबर १९७७. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे बाई.

नवीन सिल्व्हर ऑक्साइडची बॅटरी घातली आणि आकडे उमटले. मी एकटाच रात्री बारा वाजता स्वयंपाकघरात उभा राहून हसत होतो. पण एक दांडा गायब. मिनिटाच्या एकम स्थानच्या आकड्यातला उजवीकडचा वरचा उभा दांडा येतच नाही. आता सात दांड्यांतून तो काढून बघा काय होतं: ९ चा ५ होतो आणि ८ चा ६ होतो. बाकीचे आकडे निदान चुकीचे आहेत हे कळतं तरी, १ चा अर्धा दांडा राहतो, ७ चं काहीतरी भलतंच होतं. पण ८ आणि ९ अगदी खात्रीने खोटं बोलतात. मागच्या आठवड्यात हौसेने घालून गेलो, शिवाजीनगरला घड्याळात ३५ बघून निवांत वडापाव घेतला, प्रत्यक्षात ३९ झाले होते, लोकल गेली.

विचारायचं ते हे की हा दांडा परत आणता येतो का, की आकडे दाखवणारी एलसीडीची काचच गेली म्हणायची? उघडायला हात शिवशिवतायत पण भीती वाटते. दुसरं म्हणजे ती मार्लिन, सगळं चालतं, आकडे काळेभोर, पण आवाज नाही. अलार्मच्या वेळेला घंटेचं चिन्ह लुकलुकतं आणि घड्याळ मख्खपणे गप्प. कोणी असं केलंय का दुरुस्त?

टिवल्याबावल्या

५ की ९ हे कळत नाही असं घड्याळ आमच्या हाफिसात लावून घ्या, लगेच उद्घाटन करू.

बाकी धागा भारी. फोटो दिसत नाहीयेत.

सोल्डरगन

अडगळकर, आधी खूशखबर. तुमची काच गेलेली नाही. काच गेली असती तर कडेने शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरलेला दिसला असता, तो वाढत जातो, त्याला औषध नाही. एकच दांडा स्वच्छ गायब असेल तर बहुधा संपर्क तुटलाय.

जरा इस्कटून सांगतो. सत्तरच्या दशकातल्या साध्या घड्याळांत बऱ्याचदा प्रत्येक दांड्याला आपापली वेगळी वायर असते. पुढे फंक्शनं वाढली, अलार्म आला, स्टॉपवॉच आलं, तेव्हा एकाच वायरीवर दोन-तीन दांडे आळीपाळीने चालवायला लागले. त्यामुळे जुन्यात एक संपर्क गेला तर एक दांडा जातो, नव्यात एक गेला तर दोन-तीन एकदम जातात. तुमचा एकच गेलाय, म्हणजे एकाच ठिकाणी घाण आहे.

कुठे? काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, तिला झेब्रा म्हणतात. नीट भिंगातून बघा, काळा-पांढरा-काळा-पांढरा असे केसाएवढे थर असतात, काळा थर वीज नेतो, पांढरा नेत नाही. सोल्डर नाही, वायर नाही, नुसती दाबून बसवलेली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत तिच्यावर तेलकट थर येतो किंवा रबर एका जागी दबून राहतं.

करायचं काय ते सांगतो. मागचं झाकण, बॅटरी, मग मॉड्यूल (आतलं सर्किट-काचेचं अख्खं यंत्र) उचलायचं, बटणं आधी बाहेर ओढून घ्या नाहीतर अडकतं. पांढरा स्वच्छ रुमाल अंथरा. टेबलावर करू नका, पडलेलं फरशीवर उडून जातं आणि ते मग कधीच सापडत नाही. काच वर उचलली की दोन्ही कडांना झेब्रा दिसेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायची काडी, पट्टी हलकेच पुसा, काचेची कड पुसा, सर्किटवरच्या सोनेरी रेघा पुसा. बोट लावायचं नाही, घामाचं मीठच तर शत्रू आहे. पट्टी परत ठेवताना उलटी करून ठेवलीत तर अजून चांगलं, म्हणजे दबलेली बाजू बदलते. सेंटचं किंवा सॅनिटायझरचं अल्कोहोल वापरू नका, त्यात इतर माल असतो तो चिकटून बसतो.

आणि काचेच्या वरची जी फिल्म असते तिला अल्कोहोल लागू देऊ नका. ती वेगळी कहाणी आहे.

नंतर बॅटरी घातल्यावर भलतेच आकडे आले किंवा गोठून बसलं तर घाबरू नका. बऱ्याच जपानी मॉड्यूलांवर एका ठिपक्याजवळ एसी अशी अक्षरं असतात, ऑल क्लिअर. चिमट्याचं एक टोक त्या ठिपक्यावर, दुसरं बॅटरीच्या अधिक बाजूला, दोन सेकंद. जागं होतं. कित्येक चांगली घड्याळं लोकांनी केवळ हे माहीत नाही म्हणून मेली समजून फेकलीत.

मार्लिनचं नंतर लिहितो, पोरगं उठलंय.

एचएमटीप्रेमी

मला खरंच कळत नाही हे. चावीचं घड्याळ जमवणं समजू शकतो, आत बघायला काहीतरी असतं, बॅलन्स व्हील फिरतं, माणसाने केलेलं काम दिसतं. प्लास्टिकच्या डबीत चिप, त्यात जमवण्यासारखं काय आहे? माझं एचएमटी जनता वडिलांचं आहे, दर चार वर्षांनी तेलपाणी, ठणठणीत. त्याचं चाक झिजलं तर आजही दुसरं मिळतं, नाहीच मिळालं तर करणारा सापडतो. तुमची ती एलसीडी काच गेली तर कोण करून देणार आहे? वर सोल्डरगन स्वतःच म्हणतायत औषध नाही.

हलके घ्या. पण प्रश्न गंभीर आहे.

निशिकासाईकर

एचएमटीप्रेमी, सप्रेम नमस्कार, तुमची एचएमटी कोणाच्या सहकार्याने सुरू झाली? १९६१, बंगळूर, सिटिझन! मग जपानीच की हो तुमचं पण :)

अडगळकर, मी तोक्योत निशिकासाईला राहतो, आयडीवरून कळलंच असेल. अर्धा मोहल्ला आपलाच आहे इथे, दिवाळीत चकलीचा वास येतो. तुमच्या पिशवीवर जे लिहिलं असेल ते बहुतेक "दोसा मिकाकुनिन", म्हणजे चालतं का ते तपासलेलं नाही. हा शब्द लक्षात ठेवा, सगळी मजा या शब्दात आहे. "देन्ची-गिरे" म्हणजे बॅटरी संपलेली, हे त्यातल्या त्यात आशादायक. आणि नुसतं "जंक" लिहिलं तर विकणारा सांगतोय की परत आणू नकोस बाबा. इथल्या ऑनलाइन लिलावात पण हेच शब्द असतात. भारतातून घ्यायचं तर मधला दलाल लागतो, त्याचं कमिशन, टपाल आणि कस्टम धरून दीड हजाराचं घड्याळ पाच हजाराला पडतं, म्हणून एक-एक मागवू नका, मावसभाऊ पद्धतच उत्तम.

पण आता ते दिवस गेले असं समजा. मी २०११ मध्ये आलो तेव्हा जंकच्या टोपल्यात हात घातला की काहीतरी निघायचं. आता दुकानातली पोरं पण फोनवर भाव बघून चिकटवतात. नाकानोला ब्रॉडवे म्हणून इमारत आहे, वरच्या मजल्यांवर खेळणी, कॉमिक्स, घड्याळं यांची दुकानं, तिथे काचेआड चांगल्या अवस्थेतली जुनी जी-शॉक (कॅसिओची दणकट घड्याळं) बघायची आणि गुपचूप खाली येऊन आइस्क्रीम खायचं.

एक सांगण्यासारखं. सेतागाया भागात सेइजो म्हणून शांत वस्ती आहे, तिथे तोशिओ काशिओंचं राहतं घर आता संग्रहालय आहे. आधी वेळ ठरवून जावं लागतं. कॅसिओ काढणाऱ्या चार भावांपैकी हे डोकेबाज. १९५७ ची रिले वापरणारी १४-ए ही गणकयंत्राची मेजाएवढी वस्तू तिथे चालू अवस्थेत दाखवतात, खटखट खटखट वाजते. मी घड्याळ बघायला गेलो आणि तिथेच अर्धा तास उभा राहिलो. मग लक्षात आलं की कॅसिओ ही घड्याळाची कंपनी नव्हतीच कधी, आकडेमोडीची होती. त्यांचा विचार असा की वेळ म्हणजे काय तर एकात एक सेकंद मिळवत जाणं, मग ते आपलंच काम झालं. १९७४ ला कॅसिओट्रॉन आणलं तेव्हा त्याचं कौतुक काय होतं तर महिना तीसचा की एकतीसचा ते त्याला आपोआप कळतं. सेको, सिटिझन यांना काट्यांची सवय, यांना बेरजेची.

प्लास्टिकच्या डबीत काय आहे विचारलंत ना. हे आहे.

टिवल्याबावल्या

+१ निशिकासाईकर

महिना तीसचा की एकतीसचा हे मला अजून बोटांची हाडं मोजून कळतं.

अडगळकर

एचएमटीप्रेमींचा मुद्दा मला पटतोय खरं तर, आणि तेच या छंदाचं दुखणं आहे. चाक करून घेता येतं, काच करून घेता येत नाही. त्या साच्याची काच, तेवढ्याच आकाराचे आकडे, त्या रेघा, हे एकदाच हजारोंनी छापलं आणि मग तो कारखान्यातला साचा गेला. म्हणजे १९७७ च्या या मॉडेलच्या जेवढ्या काचा आज जगात आहेत त्या फक्त कमी होणार, वाढणार नाहीत. म्हणूनच मी चकचकीत बघून घेत नाही, स्टीलवर चरे असू देत, पट्टा नसू दे, काच जिवंत आहे का एवढंच बघतो. माझ्या मित्राने हौसेने डबीसकट न वापरलेली घेतली होती, कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग होता. आता चवळीएवढा आहे. डबी मात्र नवीकोरी.

गोगलगाय

मी फार जुना खेळाडू नाही, चारच घड्याळं आहेत. सोल्डरगन, त्या फिल्मची वेगळी कहाणी सांगाच. माझ्या एका कॅसिओत बॅटरी नवीन आहे, अलार्म वाजतो, दिवा लागतो, पण आकडे दिसत नाहीत, म्हणजे तिरकं धरलं तर अगदी भुतासारखे पुसट दिसतात. काच मेली का?

सोल्डरगन

गोगलगाय, घरात पोलराइज्ड गॉगल आहे का? गाडी चालवताना घालतात तो. घड्याळ उजेडात ठेवा, गॉगलची एक काच त्याच्यासमोर धरा आणि हळूहळू फिरवा. आकडे उमटले तर काच जिवंत आहे, वरची फिल्म मेली आहे.

एलसीडी काय करते, प्रकाशाला पीळ देते, बास. तो पीळ डोळ्याला दिसावा म्हणून वर आणि खाली एकेक पोलरायझर फिल्म असते. वरची उन्हाने, दमटपणाने खराब होते, पिवळी-जांभळी पडते, बुडबुडे येतात. उचकटलीत तर आंबूस व्हिनेगरसारखा वास येतो, ती ॲसिटेटची असते म्हणून. नवीन फिल्मचे कागदाएवढे तुकडे मिळतात, एका तुकड्यात तीस घड्याळं होतात. जुनी ब्लेडने कोपऱ्यातून उचलायची, घाई केली तर काचेचा कोपरा उडतो (माझा उडालाय, दोनदा). डिंक पुसायचा. मग नवीन फिल्म वरून फिरवून बघायची, एका कोनात काळे आकडे करड्यावर दिसतात, नव्वद अंशात फिरवली की काळ्यावर उजळ आकडे. हल्ली लोक मुद्दाम उलटं करतात, दिसायला झकास दिसतं पण संध्याकाळी काही वाचता येत नाही.

एचएमटीप्रेमी

म्हणजे फिल्म बदलली, झेब्रा बदलला, बॅटरी तर बदललीच. मग जुनं राहिलं काय?

सोल्डरगन

वाड्याची कौलं दर पावसाळ्याआधी बदलतात, म्हणून वाडा नवा होतो का? चिप तीच, क्वार्ट्झचा स्फटिक तोच, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा असाच का, तर दोनाने पंधरा वेळा भागलं की बरोबर एक उरतो. १९७७ च्या डिसेंबरपासून हीच भागाभागी चालू आहे, मध्ये बॅटरी नव्हती तेवढी विश्रांती.

विकताना मात्र फिल्म बदलली असं सांगायलाच हवं. न सांगणारे खूप आहेत.

खेडवाली

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड पण आठवत नव्हता.

आमच्या खेड-चिपळूणकडे प्रत्येक दोन घरांमागे एक माणूस आखातात. माझे बाबा ८४ साली कुवेतहून आले तेव्हा तीन गोष्टी आणल्या, टेपरेकॉर्डर, आईला सुळसुळीत साडी आणि दादासाठी कॅसिओ. मला काही नाही, मी लहान होते. पण दादा कॉलेजला गेला आणि ते माझ्याकडे आलं. नववीत वर्गात सहा-सात जणांकडे डिजिटल घड्याळं, काही कुवेतची, काही मसकतची, काही मुंबईहून किलोवर आणलेली. दुपारचे बारा झाले की एकाचं टीटी वाजायचं, मग दहा सेकंदांनी दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, अर्धा मिनिट नुसतं टीटी टीटी चालायचं, कारण कोणाचंच कोणाशी जुळत नसायचं. आमचे भूगोलाचे सर खडू खाली ठेवून शांत उभे राहायचे आणि शेवटचं वाजून झालं की म्हणायचे, झालं सगळ्यांचं बारा? मग पुढे.

कोकणातल्या हवेबद्दल मात्र सांगते. रबरी पट्टा टिकत नाही. चार पावसाळे झाले की चिकट होतो, मग कडक होतो, मग एक दिवस बटाटावेफरसारखा मोडतो. कपाटात ठेवलं तर जास्तच लवकर. आमच्याकडे सगळ्यांचे शेवटी कापडी पट्टे.

आणि अडगळकर, तुमची मार्लिन गप्प का आहे ते मला माहीत आहे! माझी पण गप्प आहे, वीस वर्षांपूर्वी बॅटरी बदलायला बाजारात एका दुकानात दिली होती. देताना वाजत होती, आणल्यावर वाजेना. परत घेऊन गेले तर म्हणाले ताई जुनं झालं आता, वेळ दाखवतंय ना. नंतर कितीतरी वर्षांनी भाच्याने उघडून सांगितलं की आत एक छोटीशी स्प्रिंग असते ती नाहीच आहे. झाकण उघडताना उडाली असणार आणि त्यांना कळलंच नसेल. मला राग स्प्रिंगचा नाही हो, ते "वेळ दाखवतंय ना" याचा आला.

सोल्डरगन

खेडवालीताई, शंभर टक्के तेच. मी लिहिणारच होतो. भोंगा मॉड्यूलवर नसतोच, मागच्या झाकणाला आतून चिकटवलेली पितळी रंगाची चकती असते तोच भोंगा. मॉड्यूलमधून तिच्यापर्यंत वीज नेणारी गोष्ट म्हणजे ती स्प्रिंग, मोहरीच्या दाण्याएवढी जाड आणि तीन-चार मिलिमीटर लांब, एका भोकात नुसती उभी. झाकण काढून घड्याळ उताणं केलं की टपकन पडते. झाकण उघडताना घड्याळ कायम पालथं, तोंड खाली, हे पाठ करून ठेवा.

अडगळकर, तुमच्याकडे रक्तदाता आहे की. ते हाँगकाँगवालं उघडा. त्यात पण तसलीच स्प्रिंग असते. फक्त लांबी बघा, फार लांब असेल तर झाकण बसत नाही किंवा वाकून शेजारच्या पत्र्याला टेकते आणि बॅटरी दोन दिवसांत खलास. झाकण ठेवलं की अर्धा मिलिमीटर दबली पाहिजे, एवढीच.

गोगलगाय

गॉगल फिरवला!!! आकडे आले!!! १०:४७ दाखवतंय, घड्याळ इतके दिवस आतल्या आत बरोबर वेळ पाळत बसलं होतं.

मुळशीचा_मावळा

नवीन सभासद. मला पण सुरुवात करायचीये. एका साइटवर "रेअर व्हिंटेज कॅसिओ एफ-९१डब्ल्यू जपान १९८९" साडेचार हजाराला आहे. घेऊ का?

निशिकासाईकर

नका घेऊ. एफ-९१डब्ल्यू १९८९ ला आलं हे खरं, पण ते अजून बंदच झालेलं नाही, आजही नवीन मिळतं, एकवीस ग्रॅमचं. बरं घड्याळ आहे, जमवायचं म्हणून नका, वापरायला घ्या. खोटीही निघतात, उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून ठेवा, पडद्यावर कॅसिओ अशी इंग्रजी अक्षरं उमटली पाहिजेत. आणि २९ फेब्रुवारीला तारीख हाताने लावा, त्याला वर्षच माहीत नाही त्यामुळे त्याचा फेब्रुवारी कायम २८ चा. (चौऱ्याहत्तरच्या थोरल्याला महिना कळायचा, याला लीप वर्ष नाही कळत. पण किंमत पण बघा.)

व्हिंटेज हा शब्द आता कंपनीच वापरते, नव्या मालावर. ए१०० म्हणून आहे ते १९७८ च्या एफ-१०० ची आठवण, पुढच्या बाजूला चार बटणं. २०२४ ला कॅसिओट्रॉनची पन्नाशी म्हणून टीआरएन-५० काढलं, जगभरात मिळून चार हजार नग. हे सगळं छानच आहे पण ते जुनं नाही, जुन्यासारखं आहे. विकणारा हे दोन शब्द एकमेकांत मिसळतो.

जुनं ओळखायचं तर मागे बघा. कॅसिओच्या झाकणावर चौकटीत तीन-चार आकडे असतात तो मॉड्यूलचा नंबर, डायलवरच्या मॉडेलशी जुळतो का ते शोधा. झाकण एकाचं आणि मॉड्यूल दुसऱ्याचं असा संकर फार. विकणाऱ्याला स्टॉपवॉच चालू करून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा, शेवटचे आकडे भराभर फिरतात त्यात ८ आला की सातही दांडे दिसतात, कुठला गायब आहे लगेच कळतं. अडगळकरांसारखं लोकल चुकवून कळायला नको.

माझं स्वतःचं लाडकं विचाराल तर डीडब्ल्यू-५६००सी, १९८७ ला आलेलं मॉडेल. मागच्या वर्षी बेझलला (वरच्या रबरी कवचाला) नुसतं पुसायला गेलो तर बिस्किटासारखा चुरा हातात. हामुराला कॅसिओच्या इमारतीत जी-शॉकचे जनक इबे-सान तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून घड्याळं खाली टाकून बघायचे, दोनेकशे नमुने फुटले तेव्हा कुठे १९८३ ला पहिलं जी-शॉक झालं. तिसऱ्या मजल्यावरून पडून न फुटणारी जात, आणि माझ्याकडे फडक्याने मेली. रबर आहे, हवेतला ओलावा खातो. आत मात्र सगळं ठणठणीत, आता बिनकवचाचं तसंच घालतो, बायको म्हणते सोललेलं अंडं.

टिवल्याबावल्या

सोललेलं अंडं ठ्ठो!

अवांतर: ८० च्या दशकात आमच्या आळीत "मेड इन जपान" असं छापलेलं पेनातलं घड्याळ होतं, ते उल्हासनगरचं निघालं. तेही जमवतं का कोणी?

एचएमटीप्रेमी

पेनातलं घड्याळ माझ्याकडे आहे. हसू नका.

अडगळकर

अपडेट. काल रविवार होता, घरचे लग्नाला गेले होते, मी पोट बिघडलं म्हणून सांगून थांबलो.

आधी सेको. रुमाल, भिंग, आयसोप्रोपिल सगळं मांडून बसलो. काच उचलल्यावर झेब्रा दिसला आणि त्याच्यावर बरोबर एका जागी केसासारखं काहीतरी आडवं पडलेलं. खरंच केस होता! पांढरा, बारीक, बहुतेक १९७७ नंतर कोणीतरी उघडून बसवताना पडलेला. सोल्डरगनसाहेब, तुमचं तेल वगैरे ठीक आहे पण इथे कोणा जपानी आजोबांचा केस निघाला. काढला, पुसलं, पट्टी उलटी केली, बसवलं, बॅटरी घातली. दांडा आला. पण तासाच्या आकड्यातले दोन गेले. घाम फुटला. परत उघडलं, पट्टी एका टोकाला किंचित तिरकी बसली होती. तिसऱ्यांदा बसवल्यावर सगळे आले. मग नऊ वाजून नऊ मिनिटं व्हायची वाट बघत बसलो, घड्याळ पुढे लावता आलं असतं हे नंतर सुचलं. ०९:०९. दोन्ही नऊ.

मार्लिनची कथा वेगळी. हाँगकाँगवालं उघडलं, स्प्रिंग होती, पण दुप्पट लांब. नखं कापायच्या कात्रीने कापली, पहिला तुकडा उडून फ्रिजखाली गेला. उरलेला बसवला. झाकण लावून अलार्मची वेळ एक मिनिट पुढची लावली आणि ती ओरडली, इतकी जोरात की शेजारच्या काकूंनी कुकरची शिट्टी बघायला गॅसपाशी धाव घेतली असं त्यांनीच आज सांगितलं. दर तासाचं टीटी पण आपोआप चालू झालंय, ते कुठल्या बटणाने बंद होतं ते मात्र सापडत नाहीये, रात्री दोन आणि तीन दोन्ही ऐकले.

सिटिझनवर लिंबाचा रस लावून ठेवलाय, हिरवं निघतंय पण खालची तांब्याची रेघच खाल्लेली दिसते. तिचं काही होईलसं वाटत नाही.

खेडवालीताई, दोनपैकी एका अल्बाची काच फुटलेली आहे, तिच्यातली स्प्रिंग तशीच आहे आणि ती मला लागणार नाही. तुमच्या घड्याळात स्प्रिंगच्या भोकाच्या तळापासून झाकणापर्यंत किती अंतर आहे ते मोजून सांगाल का? तेवढी कापून पाकिटात घालून पाठवतो.

सोल्डरगन

तासाचं टीटी: अलार्मच्या मोडमध्ये जाऊन उजवीकडचं बटण एकेकदा दाबत जा, घंटेचं चिन्ह आणि टीटीचं चिन्ह आळीपाळीने येतं-जातं. दोन्ही गेली की थांबा.

लिंबू नका हो, आम्ल राहतं मागे. निदान नंतर अल्कोहोलने धुवा.

खेडवाली

अय्या खरंच पाठवाल? थांबा, उघडते आज. पालथं ठेवून. पण मिलिमीटर मोजायला पट्टी नाहीये घरात, लेक कंपासपेटी घेऊन शाळेत गेलीये. साडेपाचला येते, मग सांगते.